जावास्क्रिप्ट लायब्ररीची निवड : २००५ ते २०१२ या कालखंडाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाजालावरील एखादे पान वाचकाच्या संगणकावर उघडल्यानंतर त्यास जे चलनवलन प्राप्त होते, म्हणजे अर्जातील चूक तत्काळ लाल अक्षरांत दिसणे, यादी उलगडणे, नकाशा सरकणे, ते प्रामुख्याने जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञांमुळे होय. या आज्ञा सर्व्हरवर नव्हे, तर वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतात. साहजिकच आपली आज्ञावली कोणत्या यंत्रावर व कोणत्या ब्राउझरमध्ये चालणार आहे, यावर ती लिहिणाऱ्याचे कोणतेही नियंत्रण नसते. या एका अडचणीतून २००५ नंतरच्या काही वर्षांत तयार आज्ञासंचांची एक संपूर्ण पिढी जन्मास आली. या संचांना 'लायब्ररी' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यासाठी 'ग्रंथालय' हा शब्द योजण्याचा मोह टाळलेला बरा. कारण येथे वाचावयाचे काही नसून वारंवार लागणारी कामे एकदाच लिहून ठेवलेली, इतरांनी उचलून वापरावी अशी ती हत्यारांची पेटी आहे.

प्रोटोटाइप, डोजो, वाय.यू.आय., जेक्वेरी, मूटूल्स आणि एक्स्ट या त्या काळातील सहा प्रमुख लायब्रऱ्या होत. यांपैकी एकीची निवड कोणत्या कारणांनी होत गेली आणि त्या निवडीचे परिणाम किती काळ टिकले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. 'जेक्वेरी तांत्रिकदृष्ट्या सर्वश्रेष्ठ होती म्हणून ती जिंकली' असे उत्तर या प्रश्नाला सर्रास दिले जाते. ते अगदीच चुकीचे नसले तरी अपुरे आहे. निवड करणाऱ्यांच्या हातात खरोखर किती निवड होती, हा प्रश्न त्या उत्तरात विचारलाच जात नाही.

दोन ब्राउझर, दोन व्यवहार

ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला आराखडा चालता केला. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबर १९९५ मध्ये सन कंपनीच्या सहकार्याने जावास्क्रिप्ट असे तिचे नामांतर झाले. जावा या भाषेशी तिचे नाते जवळजवळ नावापुरतेच आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत 'जेस्क्रिप्ट' या नावाने तिचीच प्रतिकृती आणली. जून १९९७ मध्ये भाषेचे पहिले मानक प्रसिद्ध झाले; परंतु या मानकाने केवळ भाषेचे व्याकरण ठरविले. पानावरील मजकुराला, चित्राला वा बटणाला हात कसा घालावयाचा, हे त्यात नव्हते.

नेमक्या याच ठिकाणी दोन्ही कंपन्यांचे मार्ग फुटले. १९९७ मधील नेटस्केपची चौथी आवृत्ती पानावरील घटकांना 'डॉक्युमेंट.लेयर्स' या वाटेने गाठत असे, तर त्याच वर्षीची एक्स्प्लोररची चौथी आवृत्ती 'डॉक्युमेंट.ऑल' या वाटेने. ऑक्टोबर १९९८ मध्ये डब्ल्यू-थ्री-सी या मानकसंस्थेने पानाच्या रचनेचे सामाईक प्रतिमान जाहीर केले व तंटा मिटला असे वाटले. तो मिटला नाही. बटण दाबले जाणे, कळ दाबली जाणे यांसारख्या घटनांची दखल घेण्यासाठी नोव्हेंबर २००० च्या मानकाने 'अॅड-इव्हेंट-लिसनर' ही पद्धत सांगितली. एक्स्प्लोररने मात्र स्वतःची 'अटॅच-इव्हेंट' ही पद्धत चालूच ठेवली आणि मानकातील पद्धत थेट मार्च २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत स्वीकारली. दोन्हींमधील फरक केवळ नावाचा असता तर गोष्ट किरकोळ होती. एक्स्प्लोररच्या पद्धतीत, ज्या घटकाशी आज्ञा जोडली त्याचा निर्देश आज्ञावलीला 'धिस' या नेहमीच्या शब्दाने मिळत नसे. शिवाय पानावरील घटक व आज्ञा यांनी एकमेकांना धरून ठेवल्यास सहाव्या आवृत्तीत स्मृती मोकळी होत नसे, आणि दिवसभर उघडे राहणारे पान हळूहळू संगणक जड करीत असे.

ही सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली आणि तिची उत्तराधिकारी ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षे, स्पर्धक उरला नसल्याने, सर्वाधिक वापराचा ब्राउझर जागच्या जागी थिजून राहिला. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे पुन्हा दोन व्यवहार उभे राहिले : एक मानकाचा, एक एक्स्प्लोररचा. प्रत्येक काम दोनदा लिहावयाचे, दोनदा तपासावयाचे.

हे दुहेरी काम बरीच वर्षे सहन झाले, कारण जावास्क्रिप्टकडून अपेक्षाच मोजक्या होत्या. ती स्थिती बदलली ती पान पुन्हा न मागविता सर्व्हरकडून माहिती आणण्याच्या सोयीमुळे. ही सोय मार्च १९९९ च्या पाचव्या एक्स्प्लोररमध्ये होती. मायक्रोसॉफ्टच्या महाजालावरील टपालसेवेसाठी ती घडविली गेली होती. एप्रिल २००४ मधील जीमेल आणि फेब्रुवारी २००५ मधील गूगल नकाशे यांनी तिचे सामर्थ्य सर्वसामान्यांस दाखविले. त्याच फेब्रुवारीच्या १८ तारखेस जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या पद्धतीस 'एजॅक्स' हे नाव दिले. नाव मिळताच मागणी आली. ग्राहक 'आमच्याही संकेतस्थळावर एजॅक्स हवे' असे म्हणू लागले. ते कशासाठी हवे, हे अनेकांस सांगता येत नसले तरी.

उपयुक्ततेची किंमत : प्रोटोटाइप

फेब्रुवारी २००५ मध्येच सॅम स्टीफनसन यांनी प्रोटोटाइप ही लायब्ररी रुबी ऑन रेल्स या चौकटीच्या सोबतीने सुरू केली. तीवर आधारलेली स्क्रिप्टॅक्युलस ही दृश्यपरिणामांची लायब्ररी थॉमस फुक्स यांनी त्याच वर्षी आणली. रेल्सने काम करणाऱ्यास प्रोटोटाइप वेगळी निवडावी लागत नसे; ती चौकटीबरोबर घरात आलेलीच असे. प्रस्तुत विषयात ही बाब पुन्हा पुन्हा आढळते.

प्रोटोटाइपची भूमिका अशी होती की, जावास्क्रिप्टमध्ये जे कमी आहे ते भाषेतच घालावे. यादी, अक्षरमाला, आज्ञा या भाषेच्या मूळ जातींनाच तिने नवी कौशल्ये जोडली. लिहिणाऱ्यास ते अतिशय सुखद होते. तिने रूढ केलेली 'बाइंड' ही युक्ती इतकी पटली की, २००९ च्या भाषामानकात तिला स्थान मिळाले. परंतु घरातील सामाईक विहिरीत एकाने साखर टाकावी आणि इतरांना ती न विचारता प्यावी लागावी, तसे या पद्धतीत होत असे. त्याच पानावर दुसऱ्या कोणाची आज्ञावली यादीतील घटक एका विशिष्ट जुन्या पद्धतीने मोजत असेल, तर यादीला जोडलेली ही नवी कौशल्येही तिला घटक म्हणून भेटत. जाहिरात पुरविणाऱ्याची आज्ञावली, भेटी मोजणारी आज्ञावली, कोठून तरी उचललेली दिनदर्शिका असे सर्व काही एकाच पानावर नांदत असताना हा दोष सौम्य म्हणता येणार नाही.

याहून बोधक प्रसंग २००८ चा आहे. विशिष्ट वर्गनामाचे घटक शोधण्यासाठी 'गेट-एलिमेंट्स-बाय-क्लासनेम' हे नाव प्रोटोटाइपने आधीच वापरात आणले होते. तिच्या उत्तरातून एक नेहमीची यादी मिळे आणि त्या यादीला प्रोटोटाइपची सारी कौशल्ये असत. पुढे नेमक्या याच नावाची सोय ब्राउझरांनी स्वतःच देण्यास आरंभ केला, पण तिच्या उत्तरातून मिळणारी वस्तू यादीसारखी दिसणारी निराळीच जात होती. नाव तेच, उत्तर वेगळे; त्यामुळे जुन्या प्रोटोटाइपवर विसंबलेली आज्ञावली नव्या ब्राउझरमध्ये अडखळू लागली. ज्याने भविष्यातील नाव आजच घेतले, त्याला भविष्य येताच नाव सोडावे लागले.

जेक्वेरीचा उदय : गुण आणि योग

१४ जानेवारी २००६ रोजी न्यूयॉर्क येथील बारकॅम्प या अनौपचारिक मेळाव्यात जॉन रेसिग यांनी जेक्वेरी प्रथम मांडली. २६ ऑगस्ट २००६ रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिची मूळ कल्पना साधी होती. पानाच्या रूपसजावटीसाठी वापरल्या जाणाऱ्या सीएसएस या भाषेत 'या वर्गाचे सर्व परिच्छेद' असे निवडवाक्य लिहिता येते. तेच निवडवाक्य जावास्क्रिप्टला द्यावे, आणि जे घटक सापडतील त्यांवर एकामागून एक क्रिया साखळीने कराव्यात. निवडवाक्यावरून घटक शोधण्याचा प्रयत्न त्याआधी डीन एडवर्ड्स यांनीही केला होता. रेसिग यांनी त्यावर संपूर्ण व्यवहार उभारला.

या कल्पनेचा सामाजिक परिणाम तांत्रिक परिणामाहून मोठा होता, असे म्हणावे लागते. सीएसएस जाणणारा वर्ग आज्ञावलीकारांचा नव्हता. तो आरेखनकारांचा, सजावट करणाऱ्यांचा होता. वस्तुनिष्ठ रचना, वर्ग, वारसा असल्या संकल्पना न शिकता त्याला बटणामागे क्रिया जोडता येऊ लागली. प्रोटोटाइप व मूटूल्स यांनी जावास्क्रिप्टला अन्य प्रौढ भाषांसारखी 'वर्गा'ची शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. जेक्वेरीने तो केलाच नाही. आज्ञावलीकारांच्या दृष्टीने हे वैगुण्य होते, आणि मोठ्या प्रकल्पांत ते खरोखर जाचक ठरले : शेकडो ओळी एकात एक गुंतलेल्या, कोणती क्रिया कोठून सुरू होते याचा पत्ता न लागणाऱ्या. परंतु बहुसंख्य संकेतस्थळे मोठे प्रकल्प नव्हतीच.

दुसरा गुण सहजीवनाचा. जेक्वेरीने भाषेच्या मूळ जातींना स्पर्श केला नाही. सामाईक जागेत तिने दोनच नावे घेतली : 'जेक्वेरी' आणि डॉलर-चिन्ह. डॉलर-चिन्हावर प्रोटोटाइपचाही हक्क होता. तेव्हा 'नो-कॉन्फ्लिक्ट' या आज्ञेने ते चिन्ह परत करण्याची सोय जेक्वेरीने ठेवली. मात्र केवळ सहजीवनाने यश मिळते असे मानल्यास वाय.यू.आय.चे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. याहू कंपनीने फेब्रुवारी २००६ मध्ये मुक्त केलेली ही लायब्ररी शेजारधर्मात अधिकच काटेकोर होती. तिने 'याहू' या एकाच नावाखाली सारा पसारा ठेवला. पण त्यामुळे साध्या क्रियेसाठीही ठिपक्यांनी जोडलेले तीन-चार शब्द लिहावे लागत. शिस्त होती, आटोपशीरपणा नव्हता. जेक्वेरीत दोन्ही एकत्र आले.

तिसरा गुण आकाराचा. २००९ मधील जेक्वेरीची १.३.२ ही आवृत्ती संक्षिप्त व संपीडित रूपात १९ किलोबाइटची होती. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट प्रतिसेकंद या किमान वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. त्या वेगाने ही धारिका उतरण्यास सुमारे सहा दशांश सेकंद, तर ५६ किलोबिटच्या मोडेमवर पूर्ण वेग मिळाला तरी पावणेतीन सेकंद लागतात. ज्या देशांत वाचक दूरध्वनीच्या तारेवरून महाजालाशी जोडलेला होता, तेथे हा हिशेब पंडिती नव्हता. त्यात मे २००८ पासून गूगलने प्रमुख लायब्रऱ्या स्वतःच्या सर्व्हरवरून सर्वांस विनामूल्य पुरविण्यास आरंभ केला.

दस्तऐवजीकरणाचाही येथे उल्लेख हवा. प्रोटोटाइपच्या आरंभीच्या काळात तिची संहिता वाचूनच ती शिकावी लागे. जेक्वेरीची माहिती व उदाहरणे मात्र आरंभापासून जमत गेली आणि २००७ मध्ये कार्ल स्वेडबर्ग व जोनाथन चॅफर यांचे 'लर्निंग जेक्वेरी' हे पुस्तक निघाले. त्याचे प्रकाशक पॅक्ट. त्यांच्या मुखपृष्ठामागील पानावर बर्मिंगहॅमच्या जोडीला मुंबईचे नाव छापलेले असते, ही मराठी वाचकाला सहज जाणवणारी गोष्ट.

वेगाची शर्यत आणि तिचा फोलपणा

२००७ मध्ये मूटूल्सच्या कर्त्यांनी 'स्लिकस्पीड' नावाची चाचणी प्रसिद्ध केली. अनेक लायब्रऱ्यांना तीच निवडवाक्ये द्यावयाची आणि कोणास किती मिलिसेकंद लागतात ते तक्त्यात मांडावयाचे, असे तिचे स्वरूप होते. चाचणी प्रामाणिक होती. तिचा वापर तितकासा नव्हता. एका पानावर दहा-वीस वेळा होणाऱ्या शोधात काही मिलिसेकंदांचा फरक वाचकाला जाणवत नाही. परंतु जे मोजता येते तेच महत्त्वाचे मानण्याची प्रवृत्ती सर्वच ज्ञानशाखांत असते, आणि आकड्यांचा तक्ता बैठकीत पुढे ठेवता येतो. 'ही आमच्या लोकांना लवकर समजते' हे विधान तक्त्यात बसत नाही. लायब्रऱ्यांचे कर्तेही या शर्यतीत ओढले गेले. २००८ व २००९ मध्ये सफारी, एक्स्प्लोररची आठवी आवृत्ती आणि फायरफॉक्स यांनी निवडवाक्यावरून शोध घेण्याची सोय स्वतःच दिली, तेव्हा या शर्यतीतील बराचसा अर्थ निघून गेला. जानेवारी २००९ मध्ये रेसिग यांनी आपले शोधयंत्र 'सिझल' या नावाने स्वतंत्र केले. २०१० मधील प्रोटोटाइपच्या १.७ आवृत्तीने तेच वापरले. प्रतिस्पर्ध्यांच्या पेटीत एकच हत्यार आले.

निवड की वारसा

जानेवारी २००७ मध्ये ड्रुपलची पाचवी आवृत्ती जेक्वेरीसह आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वर्डप्रेसच्या २.२ आवृत्तीत ती समाविष्ट झाली. याउलट जूमलाची जानेवारी २००८ मधील १.५ आवृत्ती मूटूल्सवर उभी होती. २८ सप्टेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टने जेक्वेरी आपल्या व्हिज्युअल स्टुडिओसोबत, तीत फेरफार न करता, देण्याचे जाहीर केले. नोकियानेही त्याच सुमारास तिचा स्वीकार केला. बाहेरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेली मुक्त आज्ञावली जशीच्या तशी स्वीकारून तिला ग्राहकसाहाय्य देणे, हे त्या काळच्या मायक्रोसॉफ्टच्या रीतीस सोडून होते. ज्या कचेऱ्यांत 'याला जबाबदार कोण' हा प्रश्न प्रथम विचारला जातो, तेथे या घोषणेने वाद संपविला असणार. ऑगस्ट २०११ मध्ये रेल्सच्या ३.१ आवृत्तीने प्रोटोटाइपला बाजूस सारून जेक्वेरी घेतली, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये जूमलाच्या तिसऱ्या आवृत्तीनेही तिचा अंगीकार केला.

या तारखा क्रमाने पाहिल्यास जाणवते की, संकेतस्थळ उभारणाऱ्या असंख्य लोकांनी लायब्ररी निवडलीच नाही. त्यांनी आशयव्यवस्थापन प्रणाली निवडली, सर्व्हरवरील चौकट निवडली. लायब्ररी तिच्यासोबत आली. यशाची आकडेवारी पुढे करताना गुण आणि वारसा यांची गल्लत होते ती येथेच. मूटूल्सचा पुष्कळसा प्रसार जूमलाचा प्रसार होता.

जेथे खरी निवड करावी लागली, तेथे परवाना हा मुद्दा निर्णायक ठरू शकत असे, आणि त्याचे उदाहरण एक्स्ट हेच. जॅक स्लोकम यांनी वाय.यू.आय.ला जोड म्हणून तिचा आरंभ केला. एप्रिल २००७ मध्ये ती स्वतंत्र झाली. तक्ते, वृक्षाकार याद्या, खिडक्या असे कचेरीतील कामास लागणारे तयार घटक इतक्या सफाईने अन्यत्र मिळत नव्हते. एप्रिल २००८ मध्ये २.१ आवृत्तीबरोबर तिचा मुक्त परवाना बदलून जीपीएलची तिसरी आवृत्ती लागू करण्यात आली. परिणामी जे आपली संहिता बंद ठेवून एक्स्टवरील उत्पादन वितरित करणार होते, त्यांना व्यापारी परवाना विकत घेणे किंवा जुन्या आवृत्तीवर थांबणे एवढेच मार्ग उरले. कर्त्यांना श्रमाचे मोल मिळावे यात गैर काही नाही. तथापि वर्षभराच्या कामानंतर पायाखालची अट बदलणे, हा अनुभव त्या पिढीला पुरेसा बोलका होता. जेक्वेरीचा एमआयटी परवाना अशी कोणतीच अट घालीत नसे.

कंपनीचा आधार हा सुरक्षिततेचा निकष मानावा काय, याचे उत्तर वाय.यू.आय.ने दिले. तिच्यामागे याहूसारखी बलाढ्य कंपनी, पगारी अभियंते आणि ब्राउझरांची श्रेणी लावून कोणास किती आधार द्यावयाचा हे सांगणारे सुस्पष्ट धोरण होते. सावध व्यवस्थापकाने हीच लायब्ररी निवडली असती आणि त्याला कोणी दोष दिला नसता. ऑगस्ट २०१४ मध्ये याहूने तिचा नवा विकास थांबविल्याचे जाहीर केले. स्वयंसेवकांची जेक्वेरी तेव्हाही चालू होती.

मराठीपुरता एक उल्लेख आवश्यक वाटतो. विकिमीडियाने जेक्वेरी स्वीकारलेली असल्याने तिच्या भाषाविषयक चमूने २०१२ च्या सुमारास केलेली टंकलेखनाची सोय 'जेक्वेरी.आयएमई' या जोड-आज्ञावलीच्या रूपात आली. मराठी लिप्यंतरण व इन्स्क्रिप्ट हे दोन्ही आराखडे तीत आहेत. संगणकावर देवनागरी कळफलक न बसविता मराठी विकिपीडियावर लेख लिहिता येणे, यामागे लायब्ररीच्या निवडीचा हा धागा आहे.

निवडीची लांबलेली सावली

एप्रिल २०१३ मध्ये जेक्वेरीच्या दुसऱ्या आवृत्तीने एक्स्प्लोररच्या सहा ते आठ या आवृत्त्यांचा आधार सोडला. ज्या दुहेरी व्यवहारातून तिचा जन्म झाला होता, तोच आटत चालला होता. २०१८ मध्ये गिटहबने आपल्या पानांतून जेक्वेरी काढून टाकल्याचे सांगितले. मे २०२१ मधील बूटस्ट्रॅपच्या पाचव्या आवृत्तीने तिची गरज संपविली. तिच्या अनेक सोयी तोवर ब्राउझरांतच मुरल्या होत्या.

मूटूल्सची गोष्ट वेगळी. तिनेही प्रोटोटाइपप्रमाणे भाषेच्या मूळ जातींत आपली कौशल्ये जोडली होती. यादीत अमुक घटक आहे काय हे विचारण्यासाठी भाषेच्या मानकात 'कंटेन्स' हे नाव घालावयाचे ठरत होते. मूटूल्सवरील जुनी पाने त्यामुळे मोडतात असे आढळल्याने ते बदलून २०१६ च्या मानकात 'इन्क्लूड्स' करावे लागले. मार्च २०१८ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. याद्यांतील याद्या सपाट करणाऱ्या आज्ञेस 'फ्लॅटन' हे स्वाभाविक नाव ठरले होते. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते येताच मूटूल्स वापरणारे पान बिघडले. मूटूल्स यादीवरील आपली कौशल्ये एकेक मोजून पानाच्या घटकसमूहांवर उतरवीत असे. पण जे नाव भाषेत आधीच आहे ते या मोजणीत दिसत नाही, म्हणून ते उतरतच नसे. थट्टेने 'स्मूश' हे पर्यायी नाव सुचविले गेले व त्यावरून बराच गदारोळ झाला. भाषेच्या समितीने मे २०१८ मध्ये 'फ्लॅट' हे नाव मुक्रर केले आणि २०१९ च्या मानकात ते दाखल झाले. दहा-अकरा वर्षांपूर्वी मूटूल्स घेऊन उभी केलेली आणि मग तशीच राहिलेली ती संकेतस्थळे मोडू द्यावयाची नाहीत, एवढेच त्या बदलामागचे कारण होते.